वाचकांचे प्रश्न: नेपल्स, पायी आणि स्वतःचा गाइड घेऊन

मागच्या अंकात इटलीबद्दल लिहिताना मी जाता जाता एक ओळ टाकली होती, की नेपल्सला गेलात तर एक वेळचं हॉटेलचं जेवण कमी करा पण तीन तासांचा स्वतःचा गाइड घेऊन जुन्या शहरात पायी फिरा. त्या एका ओळीवर इतके मेल आलेत की रोम-फ्लॉरेन्सवाले प्रश्न पुढच्या वेळी. यावेळी फक्त नेपल्स. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटलंय म्हणून सगळ्यांचीच फक्त गावं देतेय.

ताई, आम्ही चौघं जातोय. गुगल मॅप आहे, यूट्यूबवर नेपल्सचे शंभर व्हिडिओ आहेत, मग गाइडला माणशी एवढे युरो कशाला मोजायचे? उगाच लिहिता का तुम्ही लोक? – नाशिक

उगाच नाही हो. आणि पहिली गोष्ट म्हणजे माणशी नाहीच, खासगी गाइडचा रेट पूर्ण ग्रुपचा असतो, दोघं असा नाहीतर सहा जण. तीन तासांचे साधारण 150 ते 250 युरोच्या आसपास कोट येतात, तिकिटं वेगळी. चौघांत वाटून बघा, ग्रुप टूरवाल्यांच्या ऑप्शनल एक्स्कर्शनपेक्षा स्वस्त पडतं कधीकधी.

आता कशाला ते सांगते. नेपल्स हे बाहेरून काहीच न सांगणारं शहर आहे. ग्रीकांनी वसवलेलं, आणि जुन्या भागातले रस्ते अजून त्याच ग्रीक आखणीवर आहेत, तीन लांब आडवे रस्ते आणि त्यांना छेदणारे अरुंद बोळ. त्यातल्या एकाला स्पाकानापोली म्हणतात, वरच्या टेकडीवर सान मार्तिनोच्या मठाजवळून पाहिलं तर शहराच्या डोक्यात सरळ भांग पाडल्यासारखा दिसतो. पण खाली उतरून त्यात चालायला लागलात की काय दिसतं? वाळत घातलेले कपडे, स्कूटर, भिंतीवर रंगवलेली नावं, आणि एकामागून एक बंद दरवाजे. कुठल्या दरवाज्यामागे काय आहे हे मॅप सांगत नाही.

एक उदाहरण घ्या. पियाझा देल जेझूमध्ये (पियाझा म्हणजे चौक) उभं राहिलं की समोर एक काळपट दगडी भिंत दिसते, त्यावर टोकदार दगड बाहेर आलेले, तुरुंगच वाटतो बघणाऱ्याला. लोक फोटो काढून पुढे जातात. ते जेझुइटांचं, म्हणजे एका ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघाचं, चर्च आहे, जेझू नुओवो, पण ती भिंत चर्चची नाहीच मुळात, 1470 साली सान्सेवेरिनो नावाच्या सरदार घराण्याने बांधलेल्या राजवाड्याची आहे. पुढे त्या घराण्याचं बिनसलं, मालमत्ता जप्त झाली, 1584 मध्ये जेझुइटांनी वाडा घेतला आणि मागचं सगळं पाडून चर्च बांधलं, दर्शनी भिंत तेवढी ठेवली. जवळ जाऊन बघितलं तर त्या दगडांवर बारीक खुणा कोरलेल्या आहेत, कुणी म्हणतं कारागिरांच्या, कुणी म्हणतं संगीताच्या सुरावटी आहेत, आणि गाइड तुम्हाला दोन्ही बाजू सांगून भांडायला मोकळं सोडतो.

आत गेलात की सोनं, संगमरवर, रंगकाम, डोळे दिपतात. पण खरी गंमत उजव्या बाजूला आहे. तिथे जुझेप्पे मोस्काती नावाच्या डॉक्टरची समाधी आहे. 1927 साली वारले, गरिबांकडून पैसे घेत नसत, 1987 मध्ये पोपने त्यांना संत जाहीर केलं. त्यांच्या ब्राँझच्या पुतळ्याचा हात लोकांनी धरून धरून चकचकीत झालाय, आणि शेजारच्या खोलीत भिंतीभर नवस फेडल्याचे चांदीचे पत्रे लावलेत, हृदय, पाय, डोळे, बाळ. त्यांच्या दवाखान्यातलं सामानही तिथेच मांडलंय. आपल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, फक्त ती खोली आहे हे कुणीतरी सांगावं लागतं. त्याचे पैसे.

उलट पियाझा देल प्लेबिशितो, उंबेर्तो गॅलरी, सान कार्लो थिएटर (1737 चं, मिलानच्या ला स्कालाच्याही आधीचं), समुद्रावरचा किल्ला आणि तो लांबलचक किनाऱ्याचा रस्ता, ह्याला गाइड अजिबात लागत नाही. संध्याकाळी आइसक्रीम खात तुमचं तुम्ही फिरा. ज्या गाइडच्या प्लॅनमध्ये तीन तासांत हे सगळं प्लस जुनं शहर प्लस पिझ्झा असं पंधरा ठिकाणं लिहिलेली असतील त्याला नको म्हणा. खासगी गाइड घ्यायचा तो पाच-सहा जागी नीट थांबता यावं म्हणून, पळण्यासाठी ग्रुपची बस आहेच की.

आमचा टूर मॅनेजर म्हणतो वेगळा गाइड नको, मीच सगळं दाखवतो, मला पाठ आहे. चालेल का? – ठाणे

रस्त्याने चालता चालता सांगेल हो, गप्पा कोण अडवणार. पण इटलीत गाइड हा लायसन्सचा व्यवसाय आहे, परीक्षा पास होऊन मिळतं ते, आणि स्मारकाच्या, म्युझियमच्या आत ग्रुपला उभं करून माहिती सांगायची तर ते कार्ड लागतं. म्हणून तर बऱ्याच टूर मॅनेजरांना चर्चच्या दारात तुम्ही आत बघून या असं म्हणावं लागतं. बुक करताना सरळ विचारा, 'ग्विदा तुरिस्तिका आबिलिताता' आहात का, पुरुष असो की बाई, शब्द तोच. खरा गाइड रागावत नाही, उलट खूश होतो, गळ्यातलं कार्ड दाखवतो.

आणखी एक, बुकिंग वेबसाइटवर 'प्रायव्हेट' लिहिलेलं असलं तरी आधी मेसेज टाकून खात्री करा की फक्त तुमचंच कुटुंब असणार ना, आणि येणारा माणूस कोण. त्या मेसेजला जे उत्तर येतं ना त्यावरून निम्मं कळतं. तुमच्यात कोण कोण आहे, आधी काय पाहिलंय, चालायला कसे आहात, असं उलट विचारणारा गाइड मिळाला तर लगेच पक्का करून टाका. नुसता लिंक आणि रेट पाठवणारा असेल तर पुढचा बघा.

आमच्याकडे नेपल्ससाठी फक्त मंगळवार आहे. – पुणे

बदलता आला तर बदला. मंगळवारी सान्सेवेरो चॅपल बंद आणि पुराणवस्तू संग्रहालयही बंद, म्हणजे जाण्यासारख्या दोन मोठ्या गोष्टी गेल्याच. बदलता येत नसेल तर सान्ता क्याराचा मठ, दुओमो म्हणजे शहराचं मुख्य चर्च, आणि काराव्हाज्जोचं चित्र असा प्लॅन गाइडला सांगा, दिवस वाया जाणार नाही. ते चित्र पियो मोंते देल्ला मिझेरिकोर्दिया नावाच्या संस्थेच्या छोट्या चर्चमध्ये आहे, 1602 मध्ये सात तरुण सरदारांनी गरिबांना मदत करायला संस्था काढली आणि काराव्हाज्जोकडून दयेची सात कामं एकाच चित्रात रंगवून घेतली, उपाशी माणसाला जेवण, उघड्याला कपडा, मेलेल्याला मूठमाती, सगळं एकाच अंधाऱ्या गल्लीत चाललंय. संस्था आजही चालू आहे, चित्रही जिथल्या तिथे.

सान्सेवेरोबद्दल आणखी चौघांनी विचारलंय म्हणून इथेच सांगते. तिथे संगमरवरातला आडवा पडलेला येशू आहे, अंगावर पातळ कापड, आणि ते कापडही संगमरवरच, एकाच दगडातलं. जुझेप्पे सानमार्तिनोने 1753 मध्ये केलं. कपाळावरची शीर कापडाखालून दिसते, नाकाशी कापड किंचित आत ओढलं गेलंय. चॅपल ज्या राजपुत्राचं होतं तो, रायमोंदो दी सांग्रो, किमयागार म्हणून बदनाम, त्यामुळे त्याने खरं कापड घालून रसायनाने त्याचा दगड केला अशी अफवा शेकडो वर्षं चाललीय. फोटो काढायला सक्त मनाई आहे, आणि तिकीट आधी ऑनलाइन काढलं नाही तर दारातून परत यावं लागतं. गाइड ठरवला तरी हे तिकीट तो काढणार की तुम्ही हे पहिल्याच दिवशी विचारा, यावरच सगळ्यात जास्त घोळ होतात.

सासूबाई बरोबर आहेत, वय 72, गुडघे दुखतात पण हट्ट आहे की मी पण येणार. झेपेल का त्यांना? – सांगली

झेपेल, पण रूट तुम्ही ठरवायचा, गाइडने नाही. जुन्या शहरात आडवे मोठे रस्ते बऱ्यापैकी सपाट आहेत, चढ लागतो तो त्यांना जोडणाऱ्या बोळांत. म्हणून गाइडला आधीच लिहा की वरच्या बाजूने सुरू करून खाली या. पियाझा दान्तेला टॅक्सीने उतरा, तिथून पोर्ताल्बाच्या कमानीतून जुन्या पुस्तकांच्या गल्लीत शिरा, पुढे पियाझा बेल्लिनी, तिथे चौकाच्या मधोमध खड्ड्यात ग्रीकांच्या तटबंदीचे दगड दिसतात, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातले, आणि कडेने कॅफेच्या खुर्च्या. बसा, कॉफी घ्या. मग उताराने सान्ता क्यारा.

सान्ता क्याराच्या मागचं अंगण म्हणजे गुडघेवाल्यांसाठी बक्षीस आहे बघा. अठराव्या शतकात दोमेनिको अंतोनियो वक्कारोने ते सजवलं, रंगीत टाइल्सचे खांब, पिवळी-निळी-हिरवी फुलं, द्राक्षांचे वेल, आणि खांबांना जोडलेल्या बाकांच्या पाठीवर गावातली नेहमीची दृश्यं रंगवलेली, बाजार, होड्या, नाच, शिकार. मठातल्या नन्सना बाहेर जायची परवानगी नव्हती आणि बाहेरचं जग असं टाइल्सवर त्यांच्या अंगणात. त्या रंगीत बाकांवर बसू देत नाहीत, पण कडेने टेकायला जागा मिळते. अंगणाला लागून जे चर्च आहे ते 4 ऑगस्ट 1943 च्या बॉम्बहल्ल्यात पेटलं आणि सगळी सजावट जळून गेली, नंतर मूळचा साधा गॉथिक सांगाडा तेवढा परत उभा केला आणि 1953 मध्ये उघडलं, म्हणून आत इतकं रिकामं रिकामं वाटतं. हे न सांगता आत गेलं तर माणूस दोन मिनिटात बाहेर येतो.

रस्त्यांना लाव्हाच्या दगडाच्या मोठ्या फरशा आहेत, वरखाली झालेल्या. सासूबाईंना बूटच घाला, साडीवर बूट कसे दिसतात हे तिथे कुणी बघत नाही. भूमिगत नेपल्स, म्हणजे जमिनीखालच्या जुन्या खाणी आणि टाक्या, त्यांच्यासाठी नको, शंभरावर पायऱ्या उतरून परत चढायच्या आहेत. आणि तीन तासांच्या मध्ये अर्धा तास बसणं धरा, बसण्याच्या वेळेतही गाइड बोलतोच, त्यामुळे पैसे फुकट जातात असं मनात आणू नका. तोच वेळ उलट छान जातो, सासूबाईंना त्याच्या घरी कोण कोण आहे ते विचारू द्या, इटालियन माणूस आईवर बोलायला लागला की थांबत नाही.

आम्ही शुद्ध शाकाहारी, त्यात आई कांदा-लसूण खात नाही. फूड वॉक घ्यावा का? – मुलुंड

फूड वॉक वेगळा घेऊ नका, त्यात निम्मं मांस-मासे असतं आणि तुम्ही पाणी पीत बसाल. साध्या वॉकमध्येच गाइडला दोन थांबे खाण्याचे ठेवायला सांगा आणि आधी लिहून कळवा.

पिझ्झा मार्गेरिता चालेल, टोमॅटो-मोझरेला-बेसिल. ती 1889 मध्ये राणी मार्गेरितासाठी बनवली ही गोष्ट प्रत्येक गाइड सांगतो, इतिहासकार तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत, पण ऐकायला बरी आहे. मारिनारा नावाने घाबरू नका, मासे नसतात, चीजही नसतं, पण लसूण असतो, म्हणून आईंसाठी 'सेन्झा आल्यो' म्हणा, बिनलसणाची मिळते. कांदा या दोन्हीत मुळात नसतोच. चीजमध्ये प्राण्याचं रेनेट (दूध फाडायला घालतात ते) असतं बहुतेक वेळा, ते पाळत असाल तर मारिनाराच. भट्टी इतकी तापलेली असते की पिझ्झा दीड मिनिटाच्या आत बाहेर येतो, कडा फुगलेल्या, मध्ये ओलसर, कच्चा राहिला म्हणून परत पाठवू नका, तो तसाच असतो. हात पुसत उभं राहून खायचा असेल तर 'आ पोर्ताफोल्यो' मागा, चार घड्या घालून कागदात देतात, तिकडचा वडापावच.

फसवणूक गोडात आणि फरसाणात आहे. स्फोल्यातेल्ला, ती शिंपल्यासारखी पापुद्र्यांची, तिच्यात पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी लागते. मिरी-बदामवाले ताराल्लीसुद्धा तसेच, चरबीतले. शब्द लक्षात ठेवा, 'स्त्रुत्तो', तो आहे का विचारायचं. बाबा नावाचा केक रममध्ये बुडवलेला असतो आणि अंडं असतंच. तळलेली बटाट्याची क्रोके चालेल असं वाटतं पण तेल मांस-माशांच्या तळणाचंच. बटाट्याची पास्ता म्हणजे पास्ता ए पाताते, छान लागते, पण त्यातही कधी चरबी किंवा मांसाचे तुकडे टाकतात. इथे गाइड कामाला येतो खरा, तो दुकानदाराशी नापोलिताना बोलीत बोलून आतून खरं उत्तर काढतो, इंग्रजीत विचारलं तर सगळे येस येस म्हणतात.

कॉफी उभ्यानेच प्या, बसलात की रेट वाढतो. बऱ्याच ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे देऊन पावती घ्यायची, मग काउंटरवर जायचं. कॉफीआधी पाण्याचा छोटा ग्लास देतात, तो आधी प्यायचा. आणि कुणी दोन कॉफींचे पैसे देऊन एकच पिताना दिसला तर चकित होऊ नका, दुसरी नंतर येणाऱ्या कुणा गरजवंतासाठी, काफे सोस्पेसो म्हणतात तिला.

दादा किंवा ताई जे कोण असाल, मी जर्मनीत मास्टर्स करतोय, बजेट शून्य. फ्री वॉकिंग टूर करू की नको? – आखेन

ताईच आहे रे. कर की! फ्री म्हणजे शेवटी टिप द्यायची एवढंच, तिथे रिकाम्या हाताने सटकू नकोस. वीस-पंचवीस जणांच्या मागे कान लावून चालायचं आणि आत फारसं कुठे जात नाहीत, पण शहराची दिशा कळते. तुझ्यासारखेच चार-पाच मराठी पोरं जमवता आली तर मात्र खासगी गाइडचाच हिशोब करून बघ, दोन तासांचाही मिळतो, माणशी फार येत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियम फुकट असतात हेही लक्षात ठेव, गर्दी मरणाची असते पण फुकट ते फुकट. आणि तोलेदो मेट्रो स्टेशन बघ, 2012 मध्ये उघडलेलं, तिकिटाच्या पैशात निळ्या मोझेकची अख्खी गुहा आहे खाली.

मुलगा चौदा वर्षांचा. चर्च म्हटलं की तोंड वाकडं करतो. तीन तास कसा चालेल? – डोंबिवली

फुटबॉल बघतो का? बघत असेल तर प्रश्न मिटला. मॅराडोना 1984 मध्ये नेपल्सला आला, तोवर दक्षिणेकडच्या या गरीब शहराला उत्तरेकडचे लोक मैदानात उघड शिव्या द्यायचे, आणि 1987 मध्ये त्याने त्यांना पहिलं लीग विजेतेपद मिळवून दिलं, 1990 मध्ये दुसरं. तो गेला 2020 मध्ये, आणि त्याच वर्षी स्टेडियमला त्याचं नाव दिलं. स्पॅनिश क्वार्टर्समध्ये एका इमारतीवर त्याचं भलंमोठं चित्र आहे, 1990 चं, मध्यंतरी कुणीतरी चेहऱ्याच्या जागी चक्क खिडकी पाडली होती. खाली अक्षरशः देऊळ झालंय, मेणबत्त्या, स्कार्फ, जर्सी, फुलं. पण हे गाइडच्या तासांत घालू नका, तोलेदो रस्त्यावरून वर चढलं की गर्दीच्या मागे मागे पोचता येतं.

गाइडबरोबर ठेवा ते सान ग्रेगोरियो आर्मेनो, नाताळच्या देखाव्याच्या मूर्ती करणाऱ्यांची गल्ली. येशूजन्माच्या देखाव्यात गायी-मेंढपाळ तर आहेतच पण पिझ्झावाला, मासेवाली, राजकारणी, फुटबॉलपटू सगळे असतात आणि दरवर्षी बातम्यांमध्ये गाजलेल्या माणसांच्या नव्या मूर्ती येतात. वर्षभर चालू असते गल्ली, पण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शिरू नका, मुंगीला जागा नसते. मुलाला कारखान्याच्या आत नेऊन माती-रंग दाखवणारा गाइड असला तर विचारून घ्या.

आणि मग भूमिगत नेपल्स, पियाझा सान गायतानोपासून. ग्रीकांनी घरं बांधायला खालचा मऊ पिवळा दगड काढला, त्या खाणींतून पुढे पाण्याच्या टाक्या आणि कालवे झाले, घराघरातून विहिरीतून खाली बादली सोडायची. 1884 च्या कॉलऱ्यात हजारो लोक मेले, त्यानंतर ते पाणी बंद करून नवी नळयोजना आली, आणि दुसऱ्या महायुद्धात त्याच टाक्यांमध्ये लोक बॉम्बपासून लपून राहिले, भिंतींवर त्यांनी लिहिलेलं अजून आहे. जमिनीखाली सुमारे 40 मीटर. एका जागी अंग तिरकं करून जावं लागेल एवढी चिंचोळी वाट आहे, ती ऐच्छिक आहे, पोरं तिथूनच जातात. फक्त हे माहीत असू द्या की आत त्यांचेच गाइड नेतात, तुमचा गाइड वर थांबतो, त्यामुळे ते त्याच्या तीन तासांत न धरता शेवटी ठेवा आणि त्याला वरच निरोप द्या.

मुलगा क्रूझवर हाउसकीपिंगला आहे, त्याच्या कृपेने आम्ही दोघं पॅसेंजर म्हणून जातोय. जहाज नेपल्सला सकाळी लागतं संध्याकाळी सुटतं. पॉम्पेई की शहर? आणि मुलालाही तीन-चार तास सुटी मिळणारेय. – वास्को

मुलगा बरोबर येणार असेल तर शहर, विचारच करू नका. पॉम्पेईला, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेल्या त्या जुन्या शहराला, जायला-यायला आणि उन्हात फिरायला मिळून त्याची सुटी संपून जाईल. जहाजं मारित्तिमा स्टेशनला लागतात, गेटबाहेर आलात की समोर अंज्वा राजघराण्याचा काळ्या बुरुजांचा किल्ला, आणि जेझू नुओवोपर्यंत वीसेक मिनिटं चालत. गाइडला बंदराच्या दारात बोलवा. टॅक्सीवाले अंगावर येतात, दुर्लक्ष करा. जहाज सुटायच्या वेळेवर जाऊ नका, चढण्याची शेवटची वेळ त्याआधी असते, ती गाइडला सांगून ठेवा आणि त्याच्याही दीड तास आधी परत फिरा. क्रू आणि पॅसेंजर यांच्या वेळा वेगळ्या असतात हे मुलाला माहीत असेलच. व्हिसाचं क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या, शेजारच्यांनी सांगितलं म्हणून नको.

तुम्ही नेपल्सच्या संतांबद्दल, सान जेन्नारोबद्दलही विचारलंय, जुन्या गोव्याला सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनाला जाणाऱ्या घरातल्या माणसाने विचारावंच असा प्रश्न आहे. दुओमोत त्यांचं सुकलेलं रक्त कुपीत ठेवलंय आणि वर्षातून तीनदा, मेच्या पहिल्या रविवारच्या आधीचा शनिवार, 19 सप्टेंबर आणि 16 डिसेंबर, ते पातळ होतं का हे बघायला शहर लोटतं. झालं की पांढरा रुमाल हलवतात. नाही झालं तर लोक काळजीत. पण मला याहून आवडते ती चॅपलची गोष्ट. 1527 मध्ये प्लेग आणि युद्धाने शहर हैराण झालेलं असताना नेपल्सच्या लोकांनी या संताशी, जो मरून हजार वर्षं उलटून गेली होती, चक्क नोटरीसमोर करार केला, तू आम्हाला वाचव, आम्ही तुला नवं चॅपल बांधतो. कागद केला हो, सह्यांसकट. आणि चॅपल बांधलं, आणि ते चर्चच्या नाही तर शहराच्या मालकीचं ठेवलं, आजही त्याची व्यवस्था गावकऱ्यांचं मंडळ बघतं. त्या तीन दिवसांपैकी एखाद्या दिवशी जहाज लागत असेल तर आत जायचा हट्ट नको, दारातली गर्दीच बघा.

भोकरदनची मूर्ती नेपल्सला आहे असं आमच्या सरांनी शाळेत सांगितलं होतं. खरं का ते? – जालना

सरांना नमस्कार सांगा. 1938 मध्ये पॉम्पेईच्या एका घरात उत्खननात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली, वीतभराहून थोडी मोठी, जवळपास 25 सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना लहान दासी, अंगावर दागिनेच दागिने, हात मागे कानाशी. तेव्हा लक्ष्मी म्हटलं गेलं, तेच नाव चिकटलं, आता बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात. पॉम्पेई इसवी सन 79 मध्ये राखेखाली गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीची, सातवाहन काळातली. डोक्यावर भोक आहे, म्हणजे कशाचा तरी, आरशाचा किंवा छोट्या टेबलाचा, आधार असावा. आधी वाटायचं मथुरेची, पण तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती भोकरदनला आणि तेरला मिळाल्या, आणि पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी ही भोकरदनचीच असं मत मांडलं. जुनं भोगवर्धन ते हेच.

नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयात आहे ती, आणि ठेवलीय 'गुप्त दालनात', जिथे पॉम्पेईतल्या शृंगारिक चित्रांचा आणि वस्तूंचा संग्रह आहे, कारण मूर्ती विवस्त्र. घरची मुलं सोबत असतील तर आत काय काय आहे ते आधी कल्पना देऊन ठेवा, नाहीतर दारातच गोंधळ. मूर्ती कधी परदेशी प्रदर्शनांना जाते, दालनही कधी बंद असतं, म्हणून गाइडला दोन दिवस आधी फोन करून खात्री करायला सांगा. बऱ्याच गाइडना मूर्ती ठाऊक असते पण भोकरदन ठाऊक नसतं, तिथे मात्र तुम्ही त्याला सांगा. जमलं तर जायच्या आधी तेरचं लामतुरे संग्रहालय बघून या, तिथली हस्तिदंती मूर्ती नजरेत ठेवून नेपल्सला उभं राहिलात की हाताची, दागिन्यांची ठेवण आपोआप जुळवून बघाल. जालन्याहून तेर काही इटली नाही.

मंगळसूत्र घालून फिरावं का? चोऱ्या फार आहेत म्हणतात. – कोल्हापूर

सोन्याचं नको, ते हॉटेलच्या तिजोरीतही नको, घरीच ठेवून या. खोटं घाला. पर्स रस्त्याच्या बाजूच्या खांद्याला लावू नका, स्कूटरवरून ओढतात, भिंतीकडच्या बाजूला घ्या. स्टेशनजवळ आणि गर्दीच्या बसमध्ये खिसे सांभाळा. बाकी जुन्या शहरात दिवसाढवळ्या घाबरण्यासारखं काही नाही, आणि स्कूटर मात्र फुटपाथवरून, बोळातून, तीन जण बसून, कशीही येते, तिच्याकडे बघून चालायची आपल्याला सवय आहेच.

गाइडला टिप किती? आणि पाऊस आला तर पैसे परत मिळतात का? – नागपूर

टिपची सक्ती नाही, आवडलं तर 10-20 युरो कुटुंबाकडून द्या, रेटच पूर्ण असतो. पावसाचे पैसे परत नाहीत, चांगला गाइड रूट फिरवतो, चर्च, म्युझियम, जमिनीखालचं आधी घेतो. सान लोरेंझो चर्चखाली रोमन बाजाराची अख्खी गल्ली आहे, दुकानांच्या ओट्यांसकट, पावसात तिथे तासभर सहज जातो. ओल्या लाव्हाच्या फरशा फार घसरतात, छत्रीपेक्षा टोपीचं जर्किन घ्या, त्या बोळांत दोन छत्र्या समोरासमोर आल्या की कुणीतरी मागे जावं लागतं. आणि पैसे रोख दिलेत तरी पावती मागा, 'रिचेवूता' म्हणायचं.